रविवार ते रविवार: मधल्या दिवसांत येशूच्या जवळ कसं राहायचं?

शेवंती_वास्को (धागाकर्ती)

नमस्कार. मी मूळची नगरची. घरात तीन पिढ्यांपासून प्रभूचं नाव आहे, लहानपण मंडळीच्या आवारातच गेलं. लग्न होऊन वास्कोला आले आणि आता इथलीच झाले आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी आहे, शिफ्टची. घरी सासूबाई आणि आठवीतली मुलगी.

रविवारी उपासनेत मन भरून येतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं, पेटीचा सूर लागला की वाटतं, आता आठवडाभर प्रभूला सोडायचं नाही. सोमवारी कंपनीची बस पकडली की नमुने, रिपोर्ट, ऑडिट. घरी आल्यावर स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास. रात्री प्रार्थना होते, पण तिच्यात मागण्याच जास्त. सासूबाईंची शुगर, मुलीची परीक्षा, कर्जाचा हप्ता. आमेन म्हणते आणि झोपते. ज्याच्याशी बोलले तो कोण आहे, त्याला आज माझ्याशी काय बोलायचं होतं, हे मनातही येत नाही.

माझी आजी चुलीपुढे बसून त्याच्याशी बोलायची. आम्हाला वाटायचं, स्वयंपाकघरात कुणी पाहुणं आलंय. मला ते हवं आहे.

अनुभवी लोकांना विनंती: 'रोज बायबल वाचा, प्रार्थना करा' एवढंच लिहू नका. तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते सांगा. कधी, कुठे बसून, काय वाचता, मन लागत नाही त्या दिवशी काय करता. गोव्यातल्या कॅथलिक बंधुभगिनींनीही लिहावं. लेंत (ईस्टरआधीचा उपवासकाळ) नुकताच सुरू झालाय, या दिवसांत तुमच्या घराघरांत बरंच काही चालतं हे मी शेजारी पाहते.

बारदेशकर

शेवंतीबाय, चांगला प्रश्न विचारलात. मी म्हापशाकडचा, कॅथलिक. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितो. मध्ये कोकणी शब्द आले तर समजून घ्या.

आमच्या घरात एक गोष्ट कधी चुकली नाही, ती म्हणजे रात्रीचा तेर्स, जपमाळेची प्रार्थना. संध्याकाळी इगर्जीत (चर्चमध्ये) आंजेलुसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की पाय (वडील) असतील तिथे थांबायचे, शेतात असले तरी डोक्यावरची टोपी काढून. मग हातपाय धुऊन सगळे अल्तारापुढे (घरातल्या वेदीपुढे). तेर्स संपला की आम्ही मुलं घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊन बेसांव मागायचो आणि ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. दिवसा थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी त्याच्यापुढे उभं राहावंच लागायचं. हात डोक्यावर आला की राग तसाच धरून ठेवता येत नसे.

मन लागत नाही तेव्हा काय करायचं, हे तुम्ही विचारलंत. लागो न लागो, वेळ पाळायची. इथली खाजन शेती तुम्ही पाहिली असेल. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालतात, पाणी सोडायला-अडवायला मानस असते. बांधावर रोज फेरी मारावी लागते. खेकड्याने बीळ पाडलं तर तेव्हाच बुजवायचं. एकदा खांड पडलं की सगळं शेत खारट होतं आणि मग कितीतरी पावसाळे भात धरत नाही. प्रार्थनेची ठरलेली वेळ माझ्यासाठी तो बांध आहे. फेरी मारताना दर वेळी आनंद होतो असं नाही, पण शेत वाचतं.

आणखी एक. सांत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. लोक त्यांचे चमत्कार सांगतात. मला त्यांचे इथले पहिले महिने जास्त जवळचे वाटतात: इस्पितळात आजाऱ्यांची सेवा, तुरुंगात कैद्यांची भेट आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून मुलांना धर्मशिक्षणाला बोलावणं. येशूवरची माया त्यांनी अशी रोजच्या कामात घातली होती.

मीठभाकर_कळंगुट

ताई, तुमचा प्रश्न माझाही आहे. मी लातूरकडचा, कळंगुटला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. सीझनमध्ये रविवार म्हणजे सर्वात जास्त गर्दीचा दिवस, त्यामुळे उपासनेलाही जाता येत नाही. गोव्यात आलो तेव्हा वाटलं, आता विश्वास हळूहळू सुटणार.

इथे एका वयस्क बंधूंनी मला ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगितलं. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारा साधा माणूस. आधी सैनिक होता, पायाने अधू झालेला. तो म्हणायचा की भांडी-ताटांच्या गोंगाटात आणि चारी बाजूंनी हाका चालू असतानाही देवाची संगत तेवढीच मिळते, जेवढी गुडघे टेकल्यावर मिळते. १६९१ साली वारला. मी कधी मोठी पुस्तकं वाचली नाहीत, पण हा माणूस माझ्याच धंद्यातला निघाला, म्हणून त्याचं म्हणणं मनाला लागलं.

मी करतो ते असं. कामावर येण्याआधी खोलीवर शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग वाचतो, दहा-बारा वचनं, जास्त नाही. त्यातलं एक वाक्य ऑर्डरच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहून एप्रनच्या खिशात ठेवतो. गेल्या आठवड्यात बार्तीमयाचा प्रसंग होता, मार्क १०. यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा ओरडतोय, लोक त्याला गप्प बसवताहेत, आणि येशू थांबून त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवं ते दिसत असूनही विचारतो! मी कांदा चिरताना, कोळंबी सोलताना स्वतःशी तेच घोळवत होतो. प्रभू मला हे विचारतोय, तर मी काय सांगेन? पहिले दोन दिवस पगारवाढ आठवली. तिसऱ्या दिवशी घरी आईशी थांबलेलं बोलणं आठवलं. त्या रात्री ड्युटी संपल्यावर फोन केला.

संध्याकाळी चिठ्ठी तेलाने, मसाल्याने माखलेली असते. तरी टाकून देत नाही, बायबलमध्ये ठेवतो.

दृढविश्वासी

मीठभाकर भाऊ, फार सुंदर.

बारदेशकर काका, आदर ठेवून लिहितो, वाद म्हणून नाही. मत्तय ६:७ मध्ये प्रभूने स्वतः सांगितलंय की प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ शब्द वापरले म्हणून ऐकलं जात नाही. ठरलेले शब्द पन्नास-साठ वेळा म्हणणं म्हणजे नातं कसं? मी नावापुरत्या ख्रिस्ती घरात वाढलो. नाताळ, केक, नवे कपडे सगळं होतं, येशूची ओळख नव्हती. ज्या दिवशी मी माझ्या शब्दांत त्याला 'माझा तारणारा हो' म्हणालो, त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. शेवंतीताईंना मी हेच सांगेन: स्वतःच्या शब्दांत बोला, वचन पाठ करा, आज्ञा पाळा. प्रभू योहान १४ मध्ये म्हणतो की जो माझ्या आज्ञा पाळतो तोच माझ्यावर प्रीती करणारा आहे. भावना वरखाली होतात, आज्ञापालन मोजता येतं.

मारिया_सावंतवाडीची

मी सावंतवाडीची, आता मडगावला असते, पॅरिशमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. दृढविश्वासी दादा, तुमची शंका प्रामाणिक आहे म्हणून उत्तर देते.

जपमाळेत तोंडाने नमन (मरियामातेची प्रार्थना) चालू असतं, पण मन येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगावर ठेवायचं असतं. गव्हाणीतला जन्म, गेथशेमानेतला घाम, क्रूस, पुनरुत्थान. या प्रसंगांना आम्ही रहस्यं म्हणतो. पूर्वी ती पंधरा होती. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच वाढवली, त्यात बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, शेवटचं भोजन हे आलं. म्हणजे तेर्स म्हणणारी बाई आठवडाभरात येशूचं बहुतेक सगळं आयुष्य डोळ्यांपुढून नेते. ते न करता नुसती गडबडीत माळ ओढली तर तुमचा आक्षेप खरा आहे, आणि मी मुलांना तेच सांगते: दहा नमनं घाईत म्हणण्यापेक्षा एक प्रसंग नीट बघा.

आता शेवंतीताई, तुमच्या शिफ्टच्या आयुष्यात बसेल असं एक सांगते. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली दिवसाची पडताळणी. जेझुइट आजही दुपारी आणि रात्री ती करतात. दहा मिनिटं पुरतात. आधी दिवसात जे मिळालं त्याबद्दल आभार, पण नेमके: 'सगळ्याबद्दल धन्यवाद' नाही, तर बसमध्ये जागा दिलेल्या मुलाबद्दल. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा. मग सकाळपासून दिवस परत बघायचा: कुठे प्रभू जवळ होता आणि मी ओळखलं, कुठे होता आणि मी पुढे निघून गेले. जिथे चुकलं तिथे क्षमा. शेवटी उद्याच्या एका गोष्टीसाठी कृपा मागायची, एकाच.

यात मागण्यांची यादी आपोआप बदलते. मला आधी सगळ्या मागण्या माझ्या घराभोवतीच्या होत्या. दिवस परत बघायला लागल्यावर त्यात इतर माणसं यायला लागली: शाळेतला शिपाई, मासळीवाली, माझ्यावर चिडलेली एक पालक.

शेवंती_वास्को

मारियाताई, नेमके आभार हे फार आवडलं. मीठभाकर, तुझी चिठ्ठी मी ढापणार आहे. लॅबमध्ये कागद आत नेता येत नाही, पण लॉकरच्या दाराला आतून चिकटवता येईल.

एक मनातली भीती लिहू का? कधी कधी प्रार्थनेला बसल्यावर काहीच वाटत नाही. अगदी काहीच. तेव्हा वाटतं, तोच लांब गेलाय.

निवृत्त_पाळक

प्रिय शेवंती, तुझा हा शेवटचा प्रश्न मला पाळकपणाच्या सगळ्या वर्षांत सर्वात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणारे बहुतेक जण मंडळीतले सर्वात निष्ठावान लोक होते. ज्याला प्रभू नकोच आहे त्याला तो दूर वाटत नाही.

स्तोत्रसंहिता उघड. १३ वं स्तोत्र 'किती काळ' या प्रश्नाने सुरू होतं. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते शास्त्रात आहे. म्हणजे 'मला तू दिसत नाहीस' हे वाक्य देवाने आपल्या लोकांच्या प्रार्थनेत मान्य केलं आहे. काही वाटत नसेल तर काही वाटत नाही हेच त्याला सांग. ते खोट्या उत्साहापेक्षा खरं आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आली, तेव्हा कळलं की कोलकात्याच्या रस्त्यांवरच्या कामाच्या जवळजवळ सगळ्या काळात, म्हणजे सुमारे पन्नास वर्षं, त्यांना आतून अंधारच जाणवत होता. त्या तरी पहाटे उठून प्रार्थनेला बसत आणि मग मरणाऱ्या माणसाला उचलायला जात. जवळ असणं आणि जवळ वाटणं यांत अंतर असू शकतं.

आता वाचनाबद्दल. आपले टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्याआधी रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता. ते वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच थांबले, ती पानं सोडवेनात. विद्वान माणूस, ठरवलं असतं तर दोन दिवसांत सगळं पुस्तक संपवलं असतं. मला यातली थांबण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचे तक्ते वाटतात. त्याला माझा विरोध नाही, पण ज्याला येशूची संगत हवी त्याने चार शुभवर्तमानांत राहावं, थोडं थोडं, आणि एखादं वाक्य धरून ठेवलं तर पुढे जाऊ नये.

माझी पद्धत साधी आहे. एकच खुर्ची, तीच जागा. आधी दोन मिनिटं नुसतं बसायचं. मग प्रसंग एकदा मोठ्याने वाचायचा, मराठीत, आपल्या कानाला ऐकू येईल असा. त्या प्रसंगात मी कुठे उभा आहे? गर्दीत, दारात, शिष्यांच्या मागे? येशूचा चेहरा कसा आहे, तो कोणाकडे बघतोय? मग त्याच्याशी बोलायचं. बोलणं संपलं की परत गप्प. पंधरा-वीस मिनिटांत उठतो. नव्वदीकडे चाललोय, खुर्चीतच डोळा लागतो कधी. तेव्हा प्रभूसमोरच झोपलो म्हणतो आणि कामाला लागतो.

वृंदा_फोंडा

मी हिंदू आहे, मध्ये बोलले तर चालेल ना? लहानपणापासून घरी हरिपाठ, नामस्मरण. धागा वाचताना खूप ओळखीचं वाटलं. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला आई दर वर्षी तेल घेऊन जायची, शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण असं आमच्याकडे मानतात. पण येशूच्या बाबतीत तुम्ही 'जवळ जाणं' म्हणता, त्यात आणि आमच्या नामस्मरणात फरक काय, हे मनापासून जाणून घ्यायचं आहे.

निवृत्त_पाळक

वृंदाबाई, जरूर बोला. टिळक स्वतः सांगत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे या विषयावर वारकरी घरातल्या माणसाशी बोलताना मला परकेपणा वाटत नाही. तुमच्या गोव्यातच, सासष्टीत राहून काम केलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची सगळी कथा ओवीत लिहिली आणि १६१६ साली रायतूरला ती छापली गेली. इंग्लंडचा माणूस, पण गोव्याच्या नवख्या ख्रिस्ती लोकांना प्रभू त्यांच्या कानाला सवयीच्या छंदात भेटावा अशी त्याची तळमळ होती.

सारखं काय आहे ते तुम्हाला दिसलंच: नित्यनेम, नाव, शरणागती. वेगळं मला जे वाटतं ते सांगतो. आम्ही ज्याच्या जवळ जातो तो पंतय पिलातच्या अमदानीत क्रूसावर मारला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असा आमचा विश्वास आहे. त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. म्हणून त्याच्या जवळ जाणं म्हणजे त्याने ज्यांना जवळ घेतलं त्यांच्याही जवळ जाणं. कुष्ठरोगी, जकातदार, शत्रू. त्यातला शत्रू सर्वात अवघड. आणि दुसरं, आमच्या समजुतीप्रमाणे पहिलं पाऊल त्याचं असतं. आम्ही त्याला शोधायला निघतो तेव्हा तो आधीच वाटेवर आलेला असतो.

सासष्टीकर

पाळकबाब, 'शत्रू सर्वात अवघड' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वाड्यावर मे महिन्यात खुरसाकडे (क्रूसाकडे) लादीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, असते. संध्याकाळी खुरीस फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, व्हायोलिनवाला येतो, लादीन गातात, मग उकडलेले चणे वाटतात. सगळा वाडा येतो. त्या वाड्यावर दोन भाऊ. एकाच घराचे दोन दरवाजे, मधोमध भिंत. बापाच्या मागे वाटणीचं प्रकरण कोर्टात गेलं. आमच्याकडे कायद्याने सगळ्या मुलांना वाटा, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) लागते, आणि एखादं जुनं घर, एक विहीर, दहा माड यांवरून अर्धं आयुष्य कोर्टात जातं. गोव्यातल्या कितीतरी बंद घरांच्या कुलपांमागे हेच आहे. दोघेही लादीनीला यायचे, एक खुरसाच्या उजव्या अंगाला, दुसरा रस्त्यापलीकडे. दोघांचेही आवाज चांगले. वरचा सूर एकाचा, खालचा दुसऱ्याचा. गाणं एकत्र, बोलणं बंद.

एका लेंतमध्ये पाद्रींनी प्रवचनात मत्तय ५ घेतलं. वेदीवर अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पाद्रींनी एवढंच सांगितलं की येशू इथे 'तुझ्या मनात' म्हणत नाही, 'भावाच्या मनात' म्हणतो. म्हणजे मी बरोबर असलो तरी जायचं मलाच आहे.

धाकटा गेला का? लगेच नाही. पण त्या वर्षी थोरल्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस, थोरल्याची मुलं परदेशात. पहिल्याच आठवड्यात पहाटे धाकट्याने गाडी काढून थोरल्याच्या दरवाजापुढे लावली आणि हॉर्न वाजवला. आत गेला नाही, बोलला नाही, नुसता हॉर्न. थोरला बाहेर आला, मागच्या सीटवर बसला. काही महिन्यांनी पुढच्या सीटवर बसायला लागला. खटला अजून चालू आहे, वकिलांचे वाद चालू आहेत, भिंत आहे. पण गाडी जाते.

मी पुष्कळ नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, रेतिरांना (प्रार्थना-शिबिरांना) बसलो. येशूच्या जवळ जाणं म्हणजे काय हे मला त्या हॉर्नवरून जास्त कळलं. शेवंतीबाय, तुमच्या प्रार्थनेत 'माझ्याविरुद्ध कोणाच्या मनात काय आहे' हा प्रश्न घाला. तो प्रश्न येशू स्वतः विचारतो, आणि त्याचं उत्तर टाळून माणूस कितीही वेळ बसला तरी पुढे सरकत नाही.

दृढविश्वासी

सासष्टीकर, वाचून सुन्न झालो. हेच ते आज्ञापालन, मी ज्याबद्दल वर लिहिलं होतं. मारियाताई, रहस्यांबद्दल मला माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण तुमच्या घरात काय चाललेलं असतं ते समजलं.

लेंतसाठी एक ठोस सुचवतो. मांसाहार सोडतात तसा जेवताना आणि झोपण्याआधीचा तास फोन सोडा. मी सोडला तेव्हा लक्षात आलं की प्रार्थनेला वेळ नाही ही तक्रार खरी नव्हती.

आईची_सोबत_पणजी

इतके दिवस फक्त वाचत होते. माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. माझं नाव तिला आठवत नाही. कधी मी तिची बहीण असते, कधी कामवाली. दुपारी भरवताना ती तोंड घट्ट मिटून घेते. मग मी हळू आवाजात 'नमान मोरिये', म्हणजे तेर्सातलं नमन, सुरू करते आणि ती पुढचे शब्द म्हणते, एकही न चुकता, आणि शब्द म्हणायला तोंड उघडतं तेव्हा मी पेजेचा चमचा आत घालते. चुकीचं आहे की बरोबर मला माहीत नाही, जेवण होतं.

दृढविश्वासी भाऊ, ठरलेल्या शब्दांबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून हे सांगावंसं वाटलं. तिच्या आयुष्यातलं बाकी सगळं गेलं, रोज रात्री म्हटलेलं तेवढं राहिलं.

मला मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाता येत नाही, पाद्री महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी येऊन दोघींना ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) देतात. शांत वेळ असा मिळतच नाही. मत्तय २५ मधलं ते मी धरून ठेवलंय, भुकेल्याला दिलं ते मला दिलं असं तो म्हणतो. चमचा धरलेला असताना मी हे मनात म्हणते. काही दिवशी खरं वाटतं. काही दिवशी फक्त दमलेली असते, तेव्हाही म्हणते.

दृढविश्वासी

ताई, तुमच्यासाठी आणि आईंसाठी आज प्रार्थना केली. त्यांचं आणि तुमचं नाव माहीत नाही, प्रभूला माहीत आहे. तुम्ही करता ते अजिबात चुकीचं नाही.

बारदेशकर

पणजीच्या बाय, हेच आमच्या सांत जुझे वाझांनी केलं. बाणावलीला १६५१ साली जन्म, १६८७ साली सिलोनला (आताच्या श्रीलंकेला) गेले, कँडीत हेर समजून कैदेत टाकले गेले. १६९७ साली तिथे देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना रानात सोडून पळत होते, तेव्हा हे मागे राहून त्यांना धुवत, भरवत होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. त्यांची प्रार्थनाही लोकांना माहीत आहे, पण कँडीच्या राजाचं मन वळलं ते या सेवेने.

तुम्हाला एखादी दुपार मोकळी हवी असेल तर आपल्या पॅरिशमधल्या लहान क्रिस्ती समुदायाला सांगा. शेजारच्या बायका येऊन बसतील. ते आपलं कामच आहे, मागायला संकोच नको.

मारिया_सावंतवाडीची

बारदेशकर अंकल, त्या समुदायावरूनच सुचलं. शेवंतीताई, एकट्याने करण्यात आणि चौघांनी करण्यात फरक पडतो. आमच्या समुदायात शुभवर्तमान वाचायची सात पायऱ्यांची पद्धत आहे, मूळ दक्षिण आफ्रिकेतून आलेली. कोणीतरी प्रभूला बोलावणारी प्रार्थना म्हणतं. उतारा वाचतात. मग ज्याला जे दोन-तीन शब्द मनाला लागले ते तो मोठ्याने म्हणतो, मध्ये थोडं थांबत, स्पष्टीकरण न देता. मग काही मिनिटं शांतता. मग कोणाला काय लागलं ते सांगायचं. इथे एक नियम कडक आहे, दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी करायची नाही, प्रवचन द्यायचं नाही. मग वाड्यात, शेजारी काय करायचं ते ठरवायचं. आमचं बरंच काम तिथून सुरू झालं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं, एका बिहारी मजुराच्या मुलाचा शाळाप्रवेश. शेवटी प्रार्थना.

यात शिकलेला-न शिकलेला फरक राहत नाही, आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट एकत्र बसले तरी अडत नाही, कारण समोर फक्त शुभवर्तमान असतं.

शेवंती_वास्को

सगळ्यांचे आभार, आणि मारियाताईंनी सांगितलं तसे नेमके: सासष्टीकरांच्या प्रश्नासाठी, कारण त्यावर मला एक नाव लगेच आठवलं आणि त्या व्यक्तीला मी कालच मेसेज केला. पणजीच्या ताईंच्या पेजेच्या चमच्यासाठी. पाळकबाबांच्या ८८ व्या स्तोत्रासाठी. ते मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्या म्हणाल्या, हे मला कुणी आधी का नाही वाचून दाखवलं.

रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी घरी आल्यावर झोपण्याआधी पडताळणी करते, दिवसाऐवजी रात्रीची. चालतं असं दिसतंय. लॉकरवर सध्या मार्थेचा प्रसंग आहे, लूक १०. येशू तिला दोनदा नावाने हाक मारतो, मार्था, मार्था. पूर्वी मला ते रागावणं वाटायचं. आता रोज दार उघडताना वाचते तेव्हा त्यात माया दिसते.

सात पायऱ्यांचं वाचन आमच्याकडे सुरू करावं म्हणते, वास्कोत, मंगळवारी संध्याकाळी साडेसातला. कोणत्याही मंडळीचे, कोणत्याही पॅरिशचे चालतील, वृंदा तुम्हीही या. पत्ता निरोपातून कळवते. पाळकबाबा, कुठून सुरुवात करू?

निवृत्त_पाळक

मार्क १, वचनं २९ ते ३९. पेत्राच्या सासूचा ताप, दारात जमलेलं गाव, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच एकांतात जाऊन प्रार्थना करणारा येशू. सगळे तुला शोधताहेत म्हणून शिष्य त्याला गाठतात, तरी तो पुढच्या गावांना जाऊ म्हणतो. कामाची गर्दी आणि पित्याबरोबरचा वेळ, दोन्ही एकाच उताऱ्यात आहेत. एक जण मराठीत वाचा, एक कोकणीत. पहिल्या दिवशी तासापेक्षा जास्त बसू नका.

मीठभाकर_कळंगुट

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारीच असते. कळंगुटहून वास्को लांब आहे, पण येतो. परत जायला बस मिळणार नाही, तर कोणी पणजीपर्यंत सोडेल का?

सासष्टीकर

मी मडगावहून गाडी घेऊन येतो, मारियाबायलाही घेऊन. परतताना आधी तुला पणजीला सोडतो, मग आम्ही मडगावला जातो. सव्वासातला वास्को बस स्टँडवर उभा राहा.